१९९५ च्या बुलेट ३५० ला २०१२ च्या क्लासिक ३५० चा ब्लॉक-पिस्टन बसेल का?

तुमच्या १९९५ च्या बुलेटचा ब्लॉक झिजला आहे, २०१२ च्या क्लासिक ३५० चा ब्लॉक आणि पिस्टन चांगल्या स्थितीत व स्वस्तात मिळतो आहे आणि दोन्ही गाड्या ३४६ सीसीच्या आहेत, तेव्हा तो बसायला हरकत काय, असे तुम्ही विचारले आहे. तो बसणार नाही. त्यासाठी विसार दिला असेल तर शक्य तितक्या लवकर परत मागा.

गोंधळ होतो तो सीसीच्या आकड्यामुळे, आणि तो आकडा खोटा नाही. तुमचे जुने कास्ट आयर्न इंजिन, त्यानंतर आलेले ॲल्युमिनियम ब्लॉकचे एव्हीएल आणि २०१२ च्या क्लासिकमधले यूसीई (ज्यात इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच केसिंगमध्ये असतात) या तिन्ही इंजिनांचा बोअर ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक ९० मिलिमीटरच आहे. परंतु बोअर-स्ट्रोकवरून पिस्टन किती रुंद आहे आणि किती वर-खाली जातो एवढेच समजते. गजन पिनचा (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणाऱ्या पिनचा) व्यास, पिनच्या मध्यापासून पिस्टनच्या माथ्यापर्यंतची उंची, क्रँककेसच्या तोंडात उतरणाऱ्या स्लीव्हचा (ब्लॉकच्या आतल्या नळीचा) बाहेरचा व्यास, स्टडच्या जागा, पुशरॉडचे मार्ग यांपैकी काहीही त्यावरून कळत नाही, आणि ब्लॉक बसणे न बसणे नेमके याच गोष्टींवर ठरते. यूसीईमध्ये हायड्रॉलिक टॅपेट आहेत आणि कॉम्प्रेशन रेशो ८.५ आहे; तुमच्या इंजिनात पुशरॉडच्या खालच्या टोकाचा स्क्रू फिरवून टॅपेट हाताने जुळवावे लागतात आणि कॉम्प्रेशन बरेच कमी आहे. २०२० पासूनच्या ३४९ सीसी इंजिनाच्या बाबतीत निदान आकडेच सावध करतात, कारण तिथे बोअर ७२ आणि स्ट्रोक ८५.८ आहे.

म्हणून सुट्या भागाची चौकशी करताना सालापेक्षा इंजिन कोणत्या घराण्यातले आहे हे आधी पक्के करावे. आरसीवरील उत्पादनाचा महिना आणि वर्ष पाहावे, नोंदणीची तारीख नव्हे. आणि तेवढ्यावरही न थांबता इंजिन प्रत्यक्ष पाहावे, कारण इतक्या जुन्या गाडीत कोणी कधी काय बदलले असेल याचा भरवसा नसतो. गिअरबॉक्स इंजिनाच्या मागे वेगळ्या केसिंगमध्ये असेल तर ते यूसीई नाही. मग ब्लॉकच्या पंखांना लोहचुंबक लावावे: चिकटला तर कास्ट आयर्न, न चिकटल्यास ॲल्युमिनियमचा एव्हीएल ब्लॉक.

घराणे एकच निघाले, समजा २००४ च्या कास्ट आयर्न बुलेटचा पिस्टन मिळाला, तर पुढची पायरी पार्ट बुकाची. दोन्ही सालांच्या पुस्तकांत त्या भागाचा पार्ट नंबर एकच असेल तर प्रश्न मिटला. नंबर वेगळे असतील तर भाग बसणारच नाही असे मात्र नाही. जुना नंबर रद्द होऊन त्याच्या जागी नवा आलेला असू शकतो, आणि हे अधिकृत विक्रेत्याच्या काउंटरवर जुना नंबर सांगून तपासून घेता येते. पुण्यातल्या नाना पेठेसारख्या बाजारात ‘बुलेटचा आहे, बसतो’ एवढ्या शब्दावर वस्तू घेण्यापेक्षा कागदावर लिहून नेलेला नंबर दाखवावा, म्हणजे दुकानदारही नेमके काढून देतो.

यानंतर मोजमाप, आणि खरी काळजी इथे घ्यावी लागते. जुन्या ब्लॉकचे पूर्वी बोअरिंग झाले असण्याची, म्हणजे झिजलेले भोक कापून मोठे केले असण्याची, शक्यता मोठी असते. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग; वीस थाऊ म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर आणि चाळीस थाऊ म्हणजे एक मिलिमीटरहून किंचित जास्त; चाळीस थाऊ वाढवलेल्या ब्लॉकमध्ये स्टँडर्ड पिस्टन सहज उतरतो आणि म्हणूनच फसवतो. बोअर गेजने वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी क्रँकच्या दिशेने व त्याला काटकोनात, असे मोजून घ्या, म्हणजे ब्लॉक किती निमुळता आणि किती लंबगोल झाला आहे ते समजेल. पिस्टन मायक्रोमीटरने स्कर्टवर (पिस्टनच्या खालच्या भागावर), पिनच्या काटकोनात मोजावा.

आट्यांकडेही लक्ष द्या. या इंजिनाचा मूळ आराखडा इंग्लंडमधल्या रेडिचचा असल्याने जुन्या बुलेटमध्ये ब्रिटिश आटे आढळतात, तर नंतरच्या भागांत मेट्रिक येत गेले. ५/१६ इंची व्हिटवर्थ आट्याचा व्यास ७.९४ मिलिमीटर आणि पिच (लगतच्या दोन आट्यांमधले अंतर) १.४१; एम-८ बोल्टचा व्यास ८ आणि पिच १.२५. हा बोल्ट त्या भोकात दोन-तीन फेरे जातो, मग जड होतो, आणि पान्याला जोर दिला की ॲल्युमिनियमचे आटे बोल्टबरोबर बाहेर येतात. पिच गेज स्वस्त असते; ते लावून पाहिल्याशिवाय दुसऱ्या सालचा एकही स्टड फिरवू नये.

एखादा लेथवाला क्रँककेसचे तोंड वाढवून नवा ब्लॉक बसवून देतो म्हणेल. त्याला मी स्पष्ट विरोध करतो. कापलेले ॲल्युमिनियम परत येत नाही, आणि ज्या क्रँककेसवर तुमच्या आरसीतला इंजिन नंबर कोरलेला आहे ती कायमची बाद होण्याचा धोका पत्करण्याइतके त्या स्वस्त ब्लॉकमध्ये काहीच नाही.

तुमच्या जागी मी आधी आहे तोच ब्लॉक मोजून घेईन. पुढच्या साइजला जागा शिल्लक असेल तर त्या साइजचा कास्ट आयर्न इंजिनाचा पिस्टन आणि रिंग आधी विकत आणून, तोच पिस्टन हातात देऊन बोअरिंग करून घ्यावे, म्हणजे पिस्टनसोबत दिलेले क्लिअरन्स नेमके राखता येते. जागा शिल्लक नसेल तर नवी स्लीव्ह घालून ब्लॉक पुन्हा स्टँडर्डवर आणता येतो. जुळणी करताना रिंग न घालता पिस्टन आणि ब्लॉक चढवा, हेड बसवा, प्लग काढून ठेवा आणि क्रँक हाताने सावकाश दोन पूर्ण फेरे फिरवा. कुठेही अडकले तर किक न मारता उघडून पाहा.