तीन महिन्यांचे लॅब्राडॉर कोरडे खाद्य खात नाही, म्हणून कच्च्या मांसावर न्यावे का?

आपल्या प्रश्नावरून समजते ते असे की, सांगलीत विश्रामबागला आपल्या घरी तीन महिन्यांचे, साधारण दहा किलो वजनाचे लॅब्राडॉरचे पिल्लू आहे. ते कोरड्या खाद्याच्या भांड्यापाशी येते, हुंगते आणि निघून जाते. चिकनचा तुकडा दिसला की मात्र उड्या मारते. शेजाऱ्यांनी कच्च्या मांसावर ठेवा असे सांगितले आहे, तर खाद्याच्या दुकानदाराने कच्चे मांस दिल्यास कुत्रा हिंस्र होतो अशी भीती घातली आहे. माझे मत आधीच सांगतो. वाढीच्या वयात कोरडे खाद्य हाच आहाराचा पाया असावा, चिकन द्यायचेच तर शिजवून आणि मोजून द्यावे, आणि कच्च्या मांसाचा विचार पिल्लाची वाढ पूर्ण होईपर्यंत करू नये. दुकानदाराची भीती निराधार आहे, पण कच्चे मांस टाळण्याची खरी कारणे वेगळी आणि अधिक गंभीर आहेत.

मुळात ‘लॅब्राडॉर खात नाही’ हे वाक्यच मला खटकते. ही जात खादाड म्हणून ओळखली जाते आणि त्यामागे शास्त्रीय कारणही सापडले आहे. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिले की, सुमारे एक चतुर्थांश लॅब्राडॉरमध्ये भुकेशी संबंधित एका जनुकाचा काही भाग गळालेला असतो आणि अशा कुत्र्यांचा ओढा अन्नाकडे अधिक असतो. त्यामुळे या जातीचे पिल्लू भांड्यापासून दूर जात असेल, तर ते आजारी आहे, त्याचे पोट आधीच भरलेले आहे, किंवा भांड्यातल्या खाद्यात काही दोष आहे, या तीन शक्यता मी क्रमाने तपासतो. नखरा ही चौथी शक्यता आहे आणि ती बहुधा दुसरीतूनच जन्माला येते.

आजाराची शक्यता थोडक्यात सांगतो. पिल्लू चिकनवर तुटून पडते आहे, खेळते आहे आणि त्याची शी घट्ट आहे, म्हणजे बहुधा ते ठणठणीत आहे. मात्र त्याने आवडीचा पदार्थही नाकारला, उलट्या सुरू झाल्या, रक्तमिश्रित दुर्गंधीयुक्त जुलाब झाले किंवा ते मलूल पडून राहिले, तर घरगुती उपाय करत बसू नये, त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्यावे. पार्व्हो या विषाणूच्या आजारात काही तासही महत्त्वाचे असतात, आणि लसीकरणाची मालिका सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत चालते, त्यामुळे आपले पिल्लू अजून पूर्ण सुरक्षित नाही. जंताचे औषध या वयात वेळापत्रकाप्रमाणे दिले जात आहे ना, आणि कानांत, बोटांच्या बेचक्यांत गोचीड नाहीत ना, हेही पाहून घ्यावे, कारण गोचिडांमुळे येणाऱ्या तापाचे पहिले लक्षण अनेकदा भूक मंदावणे हेच असते.

आता दुसरी शक्यता, जिथे माझ्या अनुभवात बहुतेक प्रकरणे सुटतात. या वयाच्या आणि वजनाच्या पिल्लाला दिवसाला साधारण ११०० ते १२०० किलोकॅलरी लागतात. पिल्लांच्या चांगल्या कोरड्या खाद्याच्या १०० ग्रॅममध्ये ३६० ते ४०० किलोकॅलरी असतात, म्हणजे दिवसाला तीनशे ग्रॅमच्या आसपास खाद्य पुरते. पाकिटामागच्या तक्त्यातला आकडा संपूर्ण दिवसाचा असतो; तो एका वेळेचा समजून तेवढे खाद्य तीन वेळा समोर ठेवणारे लोक मला नेहमी भेटतात, आणि पिल्लाने दोन तृतीयांश सोडले की ते खात नाही अशी त्यांची तक्रार असते. यात घरातल्या मंडळींचे हात मिळवा. ग्लुकोज बिस्किटांच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ४५० किलोकॅलरी असतात, तेव्हा पन्नास ग्रॅमचा लहान पुडा दिवसभरात चहाबरोबर थोडा थोडा संपला, तरी सव्वादोनशे किलोकॅलरी पोटात गेल्या. आजोबांनी जेवताना ताटाशेजारी टाकलेली अर्धी भाकरी शंभर-सव्वाशेची, वर वाटीभर दूध. एकूण गरजेचा तिसरा हिस्सा असाच भरला जातो, आणि त्याची नोंद कोणाच्याही डोक्यात नसते. वरखाऊ पदार्थ एकूण गरजेच्या दहा टक्क्यांवर जाऊ नयेत असा सर्वमान्य दंडक आहे. आपल्या पिल्लाच्या बाबतीत ते सुमारे ११५ किलोकॅलरी होतात. घरातल्या ज्येष्ठांना ‘देऊ नका’ म्हणून काही साधत नाही. त्यापेक्षा सकाळीच दिवसाच्या खाद्यातून मूठभर दाणे एका डब्यात काढून तो डबा आजोबांच्या हवाली करावा आणि जे काही द्यायचे ते त्यातूनच द्यावे.

तिसरी शक्यता भांड्यातल्या खाद्याची. आपण ते सुटे, किलोवर आणता की बंद पाकिटातून, हे आपण लिहिलेले नाही. आपल्याकडे बऱ्याच दुकानांत मोठे पोते उघडून ठेवलेले असते आणि त्यातून हवे तेवढे मोजून दिले जाते. त्यावर उत्पादनाची तारीख कळत नाही, पोते कधी उघडले ते कळत नाही, आणि कोरड्या दाण्यांवर चवीसाठी फवारलेली चरबी हवेने व उष्णतेने खवट होते. एप्रिल-मेमध्ये सांगलीचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा हे फार लवकर घडते. चार दाणे तळहातावर घेऊन चोळा आणि वास घ्या. जुन्या तेलासारखा किंवा रंगासारखा वास आला, तर आपल्या नाकाला जे जेमतेम कळले ते पिल्लाला दारातूनच कळलेले असते आणि त्याचा नकार रास्त आहे. पावसाळ्यात याहून मोठा धोका बुरशीचा असतो, कारण काही बुरशींपासून तयार होणारे अफ्लाटॉक्सिन कुत्र्याचे यकृत निकामी करू शकते. म्हणून महिनाभरात संपेल एवढेच बंद पाकीट घ्यावे, खाद्य त्याच पाकिटात ठेवून तोंड घट्ट दुमडावे आणि ते पाकीट झाकणाच्या डब्यात ठेवावे. प्लॅस्टिकच्या डब्यात खाद्य थेट ओतले की तळाशी जुनी चरबी साचत जाते आणि नवे खाद्यही तिच्या वासाने बिघडते.

एवढे तपासल्यावर उरतो तो खरा नखरा, आणि तो मोडायला फारसे कौशल्य लागत नाही, घरातल्या सर्वांचे एकमत लागते. दिवसाचे खाद्य वजनकाट्यावर मोजून तीन भाग करावेत. प्रत्येक भागावर दाणे जेमतेम बुडतील एवढे कोमट पाणी घालून दहा-पंधरा मिनिटे ठेवावे. पाणी उकळते नसावे, हाताला सोसेल एवढेच गरम असावे. त्याने वास मोकळा होतो आणि दाण्याचा कडकपणा जातो. भांडे समोर ठेवून आपण बाजूला व्हावे. लाडीगोडी, हाताने भरवणे, ‘खा ना बाळा’ असे काहीही करू नये, कारण न खाल्ल्यावर माणसे भोवती जमतात हे पिल्लू फार लवकर शिकते. वीस मिनिटांनी उरलेले उचलावे आणि पुढच्या वेळेपर्यंत पाण्याशिवाय काही देऊ नये. भिजवलेले खाद्य सांगलीच्या हवेत तासाभरात आंबू लागते, तेव्हा ते पुढच्या वेळेसाठी राखून ठेवू नये. निरोगी लॅब्राडॉर एखादी वेळ सोडते, फार तर दोन. तीन महिन्यांच्या पिल्लाने पूर्ण दिवस काहीच खाल्ले नाही, तर मात्र हट्टाला हट्टाने उत्तर देऊ नये, पशुवैद्यांना दाखवावे. अगदी लहान जातींच्या पिल्लांना एवढाही उपवास घडवू नये, कारण त्यांच्या रक्तातील साखर झपाट्याने उतरते.

चिकनची चव लागलेल्या पिल्लाला ते एकदम बंद करण्याचीही गरज नाही. हाडे काढलेले चिकन मीठ, तिखट, कांदा, लसूण न घालता उकडावे, त्याचे बारीक तंतू करून चमचाभर खाद्यात मिसळावेत आणि उकडलेल्या पाण्यातूनच दाणे भिजवावेत. तुकडे वर ठेवले तर पिल्लू तेवढे वेचून खाते, म्हणून तंतू दाण्यांना चिकटतील असे कालवावे आणि आठ-दहा दिवसांत प्रमाण घटवत आणावे. घरच्या रश्श्यातले तुकडे धुऊन देणे हा उपाय नाही, कारण कांदा-लसणाचा अंश मांसात उतरलेला असतो आणि तो कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो. आपल्या जिल्ह्यात आणखी एक गोष्ट ठासून सांगावी लागते. तासगाव-मिरज भागात घरोघरी द्राक्षे आणि बेदाणे असतात, आणि कौतुकाने पिल्लाला मूठभर बेदाणे देणारे पाहुणेही असतात. द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी करू शकतात, आणि किती खाल्ल्यास धोका नाही असे कोणतेही खात्रीचे प्रमाण नाही.

आता कच्च्या मांसाविषयी. कच्चे खाऊन कुत्रा चवताळतो, अंगावर धावतो, हा समज खरा नाही. भांड्यावरून गुरगुरणे ही आवडती वस्तू राखण्याची वृत्ती आहे आणि ती कोरड्या दाण्यांवरूनही दिसते. दुसऱ्या बाजूने, कुत्रा हा लांडगाच, त्याला धान्य पचत नाही, हा कच्च्या आहाराच्या पुरस्कर्त्यांचा दावाही टिकत नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात कुत्र्यांमध्ये पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यांपेक्षा कितीतरी अधिक आढळल्या. माणसाच्या उष्ट्या भाकरीवर हा प्राणी हजारो वर्षे जगला आहे, हे आपल्या वाड्या-वस्त्यांवर वेगळे सिद्ध करावे लागत नाही.

खरी अडचण हाडांच्या वाढीची आहे. १०० ग्रॅम चिकनमध्ये फॉस्फरस सुमारे २०० मिलिग्रॅम असतो आणि कॅल्शियम जेमतेम दहा-पंधरा मिलिग्रॅम. वाढत्या पिल्लाच्या आहारात कॅल्शियम हे फॉस्फरसपेक्षा थोडे अधिक असावे लागते. नुसत्या मांसावर ठेवलेल्या पिल्लाचे शरीर रक्तातले कॅल्शियम टिकवण्यासाठी हाडांतून ते काढू लागते, पाय वाकतात, पिल्लू लंगडते आणि किरकोळ उडीनेही हाड मोडू शकते. यावर कोणी औषधाच्या दुकानातून कॅल्शियमचे सिरप आणून ओततो, तर तेही घातक ठरू शकते, कारण मोठ्या जातींच्या लहान पिल्लांना जादा कॅल्शियमचे शोषण थोपवता येत नाही आणि सांधे बिघडतात. म्हणूनच मोठ्या जातींच्या पिल्लांच्या खाद्यात कॅल्शियमची कमाल मर्यादाही ठरलेली असते, कोरड्या वजनाच्या १.८ टक्के. संतुलित खाद्य पोटात जात असेल, तर सिरपची गरज नाही. पशुवैद्यांनी तपासून लिहून दिले तर गोष्ट वेगळी.

कच्च्या आहाराच्या परदेशी पाककृतींत मांस, मांसल हाडे, कलेजी, इतर अवयव यांची प्रमाणे दिलेली असतात. इथे प्रत्यक्षात काय होते, तर गोमांस, टर्की वगैरे मिळत नाही, आणि अखेर चिकनच्या दुकानातून माना, पंजे, आतडी यांची पिशवी घरी येते. ती पिशवी कुठून आली ते एकदा उभे राहून पाहावे. एकाच ओंडक्यावर, एकाच सुऱ्याने सकाळपासून पक्षी कापले जात असतात, उरलेले बाजूच्या टोपलीत बर्फाशिवाय पडलेले असते आणि दुपारी ते श्वानप्रेमींसाठी तोलले जाते. शिजवून खाणाऱ्याला त्याने फरक पडत नाही, पण कच्चे देणाऱ्याच्या घरात साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जिवाणू पिल्लाच्या तोंडावाटे, विष्ठेवाटे आणि भांड्यावाटे पसरतात. ज्या घरात लहान मूल, गरोदर स्त्री किंवा आजोबांसारखे वयस्कर माणूस आहे, तिथे मी कच्चे मांस कधीच सुचवत नाही. अमेरिकन व्हेटरिनरी मेडिकल असोसिएशनने २०१२ मध्ये याच कारणासाठी कच्च्या मांसाविरुद्ध धोरण स्वीकारले. २०१८ मध्ये मेलबर्न विद्यापीठातील पशुवैद्यकांनी कच्चे चिकन, विशेषतः माना, आणि कुत्र्यांच्या पायांत उतरणारा एक प्रकारचा अर्धांगवायू यांचा संबंध असल्याचे मांडले, आणि त्यात संशय कॅम्पिलोबॅक्टरवरच होता.

शेळी-मेंढीच्या कलेजीचा आणि फुप्फुसांचा धोका याहून वेगळा आहे. त्यांतील पाणीदार गाठींमधून कुत्र्याच्या आतड्यात एक सूक्ष्म फीतकृमी वाढतो, त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, आणि ती माणसाच्या पोटात गेल्यास यकृतात वा फुप्फुसात मोठ्या गाठी होतात. जत, आटपाडी, माण, खटाव अशा मेंढपाळीच्या भागात असे अवयव कुत्र्यापुढे फेकण्याची सवय सहज दिसते. फ्रीझरमध्ये गोठवून भागेल असे शेजारी म्हणतील. पुरेशा कमी तापमानात पुरेसे दिवस गोठवल्यास या गाठींतले जीव मरतात हे खरे, पण जिवाणू मरत नाहीत, ते फक्त थांबून राहतात. आणि आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो.

हाडांबद्दल एकच सांगतो. शिजवलेले हाड कच्च्यापेक्षा अधिक टोकदार फुटते, म्हणून उकडलेल्या चिकनमधले एकही हाड भांड्यात जाऊ देऊ नये.

इतके वाचूनही आपला ओढा ताज्या अन्नाकडेच असेल, तर त्यात वावगे काही नाही. वर्ष-सव्वा वर्षाने वाढ पूर्ण झाल्यावर शिजवलेल्या घरगुती आहाराकडे वळता येते, मात्र त्याची मापे पशुवैद्यकीय आहारतज्ज्ञाकडून आपल्या कुत्र्यापुरती काढून घ्यावीत. आपले नेहमीचे पशुवैद्य त्यासाठी योग्य ठिकाणी पाठवू शकतील. सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथेही चौकशी करता येईल.

तूर्त दर रविवारी एकाच वेळी पिल्लाचे वजन करून कॅलेंडरवर लिहीत जा. बरगड्या नजरेला ठळक दिसत नाहीत पण बोटांना सहज लागतात, आणि वरून पाहिल्यावर कंबर दिसते, असे असेल तर ते भांड्यात काही सोडत असले तरी त्याला पुरेसे मिळते आहे. चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान दात बदलताना हिरड्या दुखतात आणि ते पुन्हा आठवडाभर दाणे नाकारील. तेव्हा खाद्य बदलू नका, फक्त जास्त वेळ भिजवा.