ड्रम्स पुढे, सॅक्सोफोन मागे

प्रश्न : जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनची ‘इव्हनिंग्ज ॲट द व्हिलेज गेट’ ही रेकॉर्ड मोठ्या उत्साहाने विकत घेतली. १९६१चं ध्वनिमुद्रण, २०२३मध्ये प्रकाशित. पण ऐकून विरस झाला. ड्रम्स कानावर आदळतात, पियानो दबलेला, बास तर शोधावा लागतो. ६२ वर्षांनी हे बाहेर काढायची काय गरज होती? की मेलेल्या माणसाच्या नावावर पैसे करायचे एवढंच? — एक वाचक, नाशिक

उत्तर : पैसे करायचेच असतात, रेकॉर्ड कंपनी काही धर्मादाय संस्था नाही. पण तुम्हाला खटकलेला दोष आला कुठून, ते आधी सांगतो. माझा जन्म सभागृहांत माईक लावण्यात गेला. त्यामुळे ही रेकॉर्ड लावल्यावर मला कोल्ट्रेनच्याही आधी माईकच ऐकू आला.

ऑगस्ट १९६१. न्यूयॉर्कमध्ये ग्रीनिच व्हिलेज भागात ‘व्हिलेज गेट’ हा क्लब होता. तिथली नवी ध्वनियंत्रणा कशी चालते हे बघायला रिचर्ड ऑल्डरसन या तंत्रज्ञाने मंचावर एकच आरसीए रिबन माईक टांगला आणि टेप सुरू केली. रेकॉर्ड काढायचा विचार नव्हता, चाचणी होती. आता माईक एकच म्हटल्यावर मिक्सरवर खालीवर करायला काही उरतच नाही. पियानो वाढव, ड्रम्स कमी कर, हा खेळ चार-सहा माईक असले तर. इथे वाद्यांचा मेळ हवेतच झाला आणि तसाच टेपवर उतरला. कोल्ट्रेनचा ड्रमर एल्विन जोन्स हात राखून वाजवणारा नव्हता, मग तोच पुढे येणार.

मला स्वतःला ही तक्रार वाटत नाही. पहिल्या ऐकण्यात सॅक्सोफोनचा नाद सोडा आणि फक्त एल्विनच्या मागे जा. डाव्या हाताने तो कोल्ट्रेनला कुठे डिवचतो, झांज कुठे मोकळी सोडतो, हे स्टुडिओतल्या नेटक्या रेकॉर्डवर इतकं उघडं मिळत नाही. ‘इम्प्रेशन्स’ या रचनेत तर दोघांची झोंबाझोंबी आहे. दुसऱ्यांदा ऐकाल तेव्हा सॅक्सोफोन आपोआप जागेवर येईल.

गरज काय होती म्हणता? गरजेचं नाव एरिक डॉल्फी. बासरी, बास क्लॅरिनेट आणि आल्टो सॅक्सोफोन, तिन्हींवर हुकूमत असलेला हा माणूस कोल्ट्रेनच्या संचात जेमतेम काही महिने नियमित होता. जून १९६४मध्ये बर्लिनला तो गेला, वय ३६. कोल्ट्रेनही जुलै १९६७मध्ये ४०व्या वर्षी गेला. या दोघांचं एकत्र वाजवणं मुळात थोडं, त्यात ध्वनिमुद्रित त्याहून थोडं. ‘व्हेन लाइट्स आर लो’मध्ये डॉल्फीची बास क्लॅरिनेट ऐका. घोगरी, वाकडी, मध्येच हसल्यासारखी. १९६१च्याच नोव्हेंबरमध्ये ‘डाउन बीट’ मासिकाच्या समीक्षकाने या दोघांच्या वादनाला ‘अँटी-जॅझ’ म्हणून झोडपलं होतं. त्याने काय ऐकून इतका राग धरला असेल, याचा अंदाज या टेपवरून करता येतो. मला तरी रागवण्यासारखं काही सापडलं नाही.

शेवटची ‘आफ्रिका’ मात्र चुकवू नका. ही रचना कोल्ट्रेनने त्याच उन्हाळ्याच्या तोंडावर स्टुडिओत मोठा ब्रास ताफा घेऊन केली होती. क्लबात ताफा कुठून आणणार? म्हणून रेजी वर्कमनच्या जोडीला आर्ट डेव्हिस, असे दोन बास घेतले आणि २० मिनिटांहून जास्त वाजवली. स्टुडिओबाहेर वाजवलेल्या ‘आफ्रिका’चं माहीत असलेलं ध्वनिमुद्रण हे एवढंच. एवढ्यासाठी मी रेकॉर्डचे पैसे आनंदाने दिले.

‘हरवलेली टेप सापडली’ ही जाहिरातबाजी मात्र मला पटत नाही. टेप न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या ध्वनिसंग्रहात होती. बॉब डिलनच्या जुन्या ध्वनिमुद्रणांचा माग काढताना ती हाती लागली. ज्यांना जपायचं होतं त्यांनी जपलीच होती.

आणि हो, तुम्हाला स्वच्छ आवाजच हवा असेल, तर याच संचाची नोव्हेंबर १९६१ची ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’ क्लबातली ध्वनिमुद्रणं घ्या. ती रूडी व्हॅन गेल्डर या ध्वनिमुद्रकाने रेकॉर्ड काढण्यासाठीच केली होती. त्यात ‘इंडिया’ नावाची रचना आहे. कोल्ट्रेन त्या काळात रविशंकरांच्या रेकॉर्ड मन लावून ऐकत होता. पुढे मुलाचं नावही त्याने रवी ठेवलं, तोही आज सॅक्सोफोन वाजवतो.

प्रश्न : कलाकाराने स्वतः प्रसिद्ध न केलेलं वादन त्याच्या मागे प्रसिद्ध करणं योग्य आहे का? — एक वाचिका, कोल्हापूर

उत्तर : कायद्याने कुणाची संमती लागते, तो भाग वकिलांवर सोडू. माझं मत विचाराल तर प्रसिद्ध करावं, पण जे टेपवर आहे ते सगळं करावं.

सगळं म्हणजे काय, हे एका उदाहरणावरून कळेल. डीन बेनेडेटी हा स्वतः सॅक्सोफोनवादक, जॅझमधला थोर सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर याचा वेडा भक्त. १९४७मध्ये लॉस एंजेलिसच्या ‘हाय-डी-हो’ क्लबात तो तबकडी कोरणारं यंत्र घेऊन बसला, पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या क्लबांतही गेला. तबकड्या आणि टेप महाग, म्हणून पार्करचं वादन संपलं की यंत्र बंद. जोडीच्या माइल्स डेव्हिसने ट्रंपेट तोंडाला लावला की बंद! हा सगळा खजिना १९९०मध्ये ‘मोझेक’ कंपनीने ७ सीडींत काढला. भक्तीने केलेलं काम आहे, पण ऐकताना मी अक्षरशः दात-ओठ खातो. पार्कर कशाला उत्तर देत होता तेच कापलेलं आहे. तरी मोझेकने त्यात लुडबुड न करता तुकडे तसेच दिले, हे चांगलं केलं.

प्रश्न : आजोबांनी घरच्या गाण्याच्या बैठकी टेप केल्या होत्या. १५-२० स्पूल माळ्यावर आहेत. जुनी मशीनही आहे. लावून बघू का? — एक वाचक, सांगली

उत्तर : नको! त्या मशीनला हात लावायच्या आधी स्पूलचा वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर ती ॲसिटेटची टेप आहे आणि ती खराब व्हायला लागली आहे. तशा टेप बाकीच्यांपासून वेगळ्या ठेवा आणि त्यांची डिजिटल प्रत आधी जाणकाराकडून करून घ्या. ॲसिटेट टेप ताणली की तुटते, तुटलेली नीट जोडता येते. पॉलिएस्टरची टेप तुटत नाही, लांबते, आणि लांबलेल्या टेपवरचा सूर परत मिळत नाही. म्हणून वेगाने पुढे-मागे करणं नाहीच.

काम करणाऱ्याला वेगाबद्दल बजावून ठेवा. कोल्ट्रेनचीच गोष्ट आहे. त्याची पत्नी नाइमाने ‘फाइव्ह स्पॉट’ क्लबात, पियानोवादक थेलोनियस मंकबरोबर तो वाजवत असताना, एका छोट्या मशीनवर टेप केली होती. ‘ब्लू नोट’ या रेकॉर्ड कंपनीने ती १९९३मध्ये काढली. तारीख १९५७ची समजली गेली, पुढे अभ्यासकांनी ती सप्टेंबर १९५८ची ठरवली. शिवाय वेग चुकल्यामुळे सूर हलले होते, ते नंतरच्या आवृत्तीत दुरुस्त केले. एवढ्या मोठ्या कंपनीचं असं होतं. तुमच्याकडे पेटीचा सूर ऐकू येत असेल तर गायकाची पट्टी पडताळता येईल. नाहीतर विजेची गुणगुण शोधायला सांगा. टेपमध्ये विजेचा हम उतरलेला असतो, आपल्याकडे तो सेकंदाला ५० सायकलचा. तो ५०वर बसला की वेग बरोबर.

पहिली प्रत २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर, काहीही साफसफाई न करता घ्यायची. खरखर काढायची ती दुसऱ्या प्रतीवर. साफ करणारे उत्साहात तंबोराही साफ करतात, मी पाहिलं आहे. खोक्यांवरचं आजोबांचं अक्षर, तारखा, चिठ्ठ्या, सगळ्याचे फोटो काढून ठेवा आणि नंतरही मूळ स्पूल टाकू नका. टेप द्यायला कुरिअर नको, पिशवीत घालून स्वतः जा, आणि पिशवी मोठ्या स्पीकरच्या शेजारी ठेवू नका.