तारेवरची की दोरीवरची कसरत?

नाशिकच्याच एका वाचकांनी विचारलंय: "डोंबारी तर दोरीवर चालतात. मग आपण 'तारेवरची कसरत' का म्हणतो? आणि कुठल्याही अवघड कामाला हा शब्दप्रयोग चालतो का?"

डोंबाऱ्याची दोरी जुनीच. बांबूंच्या दोन कैच्या, मध्ये ताणलेला दोर, खाली ढोल आणि वर आडवी काठी धरलेली पोर. तार मात्र आपल्याला सर्कशीच्या तंबूत भेटते. विष्णुपंत छत्र्यांनी १८८० साली मुंबईत ग्रेट इंडियन सर्कस उभी केली आणि पुढे देवल, कार्लेकर अशी मराठी नावं या धंद्यात गाजली. त्यामुळे 'तारेवरची' म्हणताना डोळ्यांपुढे सर्कसच यावी हे साहजिक आहे. 'दोरीवरची कसरत' लिहिलंत म्हणून कोणी अडवणार नाही, पण रुळलेलं रूप तारेवरचंच.

'कसरत' मूळची अरबी. तिकडे अर्थ विपुलता. मग पुन्हापुन्हा करणं, सराव, आणि शेवटी व्यायाम. (आपली 'तालीम'ही अरबीच, अर्थ शिक्षण. जुन्या नाशकात मात्र तालीम म्हटलं की आखाडाच आठवतो.)

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही, चालत नाही. तारेवर चालणाऱ्या मुलीकडे नीट बघा. पाय तारेवर असले तरी खरं काम हातांचं असतं. काठीचं एक टोक खाली जातं, लगेच दुसरं. तोल एकदा साधला की झालं असं नसतंच, तो दर पावलाला नव्याने साधावा लागतो. म्हणून या शब्दप्रयोगाला दोन ओढी लागतात आणि दोन्ही सांभाळायच्या असतात.

लासलगावचा कांदा घ्या. शेतकऱ्याला भाव मिळाला पाहिजे आणि शहरातल्या गिऱ्हाइकानेही ओरडता कामा नये. सरकारची ती तारेवरची कसरत. गंगापूर धरणाचं पाणी नाशिक शहराला किती ठेवायचं आणि खाली जायकवाडीसाठी किती सोडायचं, हीही तशीच. पण 'ऐन संध्याकाळी द्वारका चौकातून गाडी काढणं म्हणजे तारेवरची कसरत' हे काही पटत नाही. तिथे दुसरी बाजू कुठली? तिथे नाकी नऊ येतात, जीव मेटाकुटीला येतो. फार तर नुसती 'कसरत करावी लागते' म्हणा, ते अगदी चपखल बसतं. बातम्यांत हल्ली पाऊस, परीक्षा, बससाठीची रांग, सगळंच तारेवर चढवतात. माझ्या मते तो निव्वळ आळस आहे.

'घर आणि नोकरी' हे नेहमीचं उदाहरण मात्र बिनधास्त वापरा. दोन्ही टोकं स्पष्ट आहेत. वाक्यात ही कसरत 'करावी लागते', 'चालू असते' किंवा 'होते'. तिन्ही रूपं बोलण्यात आहेत आणि तिन्ही बरोबर.