पत्रकातली पहिली ओळ

अनेक आशीर्वाद.

एमएसच्या (मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंचं आवरण झिजवणाऱ्या आजाराच्या) पेशंटांना वाटायच्या पत्रकाचा तुझा मसुदा वाचला. भाषा सोपी आहे, चित्रंही नेमकी. फक्त 'व्यायाम करा, मेंदूचं आकसणं थांबवा' ही पहिली ओळ काढ. एमएसमध्ये हे अजून कुणी सिद्ध केलेलं नाही, आणि आपल्याकडे येणारा माणूस आधीच घाबरलेला असतो. वर्षभर घाम गाळून पुढच्या एमआरआयच्या रिपोर्टात 'अ‍ॅट्रॉफी', म्हणजे आकसणं, दिसलं, की तो स्वतःलाच दोष देईल आणि व्यायामही सोडेल.

निरोगी प्रौढाचा मेंदूसुद्धा वर्षाला साधारण ०.१ ते ०.३ टक्के आकसतो. एमएसमध्ये हा वेग बऱ्याचदा ०.५ टक्क्याच्या पुढे जातो, काहींमध्ये एक टक्क्याच्याही वर. मेंदूच्या मध्यभागातला थॅलॅमस लवकर झिजतो, आणि विचारांचा वेग मंदावण्याशी त्या झिजेचं नातं घट्ट आहे. पण एका पेशंटचे दोन स्कॅन शेजारी ठेवून निष्कर्ष काढू नकोस. अंगात पाणी कमी असलं तरी मेंदू थोडा लहान भरतो. नवं औषध सुरू झालं की सूज उतरते, तेव्हाही पहिल्या वर्षात आकारमान घटलेलं दिसतं. ती झीज नव्हे. हे पेशंटच्या घरच्यांना न्यूरॉलॉजिस्टने समजावलेलं असतंच असं नाही.

ज्यांचा दम चांगला त्यांचा मेंदू कमी आकसलेला, हे तुझ्या संदर्भांतलं निरीक्षण खरंच आहे. पण ज्याचा मेंदू कमी झिजलाय, तोच जास्त हिंडू-फिरू शकतो ना? कशामुळे काय झालं, हे एकाच वेळच्या मोजणीतून कळत नाही. चिठ्ठ्या टाकून व्यायाम करणारे आणि न करणारे असे गट पाडले की चित्र बदलतं. डेन्मार्कमधल्या आरहूसच्या गटाने ८६ जणांवर २४ आठवड्यांच्या दमवणाऱ्या एरोबिक व्यायामाचा अभ्यास केला, तो २०२१ मध्ये छापून आला. दमसास वाढला, मेंदूच्या आकारमानात मात्र दोन गटांत फरक नव्हता. (मेंदूसाठी २४ आठवडे फार थोडे, हा आक्षेप मलाही पटतो.) २०२३ मध्ये 'कॉगएक्स' हा अभ्यास आला. सहा देश, प्रोग्रेसिव्ह, म्हणजे सतत वाढत जाणाऱ्या, एमएसचे ३११ जण, १२ आठवडे. व्यायाम आणि संगणकावरचं आकलन-प्रशिक्षण एकत्र दिलं, तरी नकली उपचारांच्या तुलनेत विचारांचा वेग जास्त सुधारला नाही.

तरीही पेशंटला उठवून चालायला लावणं हेच आपलं काम आहे, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. १८९० मध्ये ऊटहॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने श्रमानंतर या पेशंटांची नजर अंधुक होते असं नोंदवलं, आणि पुढे कित्येक दशकं 'एमएस आहे ना, मग आराम करा' हाच सल्ला चालला. मायलिन (तंतूवरचं आवरण) गेलेल्या तंतूतून अंग तापलं की संदेश नीट जात नाही, इतकंच; अंग थंड झालं की पूर्ववत. १९९६ मध्ये युटा विद्यापीठातल्या पेटाजान यांच्या गटाने १५ आठवड्यांचा एरोबिक कार्यक्रम करून दाखवला आणि ती भीती ओसरू लागली. आपल्याकडे अजून पुरती ओसरलेली नाही. विदर्भातल्या मे महिन्यात तर ती अगदीच निराधार नाही, म्हणून तिथल्या पेशंटला पहाटेची वेळ दे, पंखा लाव, आधी गार पाणी प्यायला सांग, व्यायाम तुकड्यातुकड्याने घे.

दम, ताकद, चालणं, थकवा, मनःस्थिती यांत व्यायामाने फरक पडतो, हे पत्रकात ठसठशीत लिही. आठवड्याला १५० मिनिटांचं उद्दिष्ट अमेरिकेच्या राष्ट्रीय एमएस सोसायटीने २०२० मध्ये सुचवलं, पण तेही ज्याच्या त्याच्या कुवतीप्रमाणे. घरात केर काढणं, जिने चढणं हेही त्यात धरायचं.

आणि आकलनाकडे व्यायामापासून वेगळं लक्ष दे. फ्रेंच न्यूरॉलॉजिस्ट शार्कोने एकोणिसाव्या शतकातच या पेशंटांची क्षीण स्मृती नोंदवली होती, तरी आपल्या ओपीडीत सगळं चालण्यावरच मोजलं जातं. चालतो ठीक, म्हणजे बरा! त्या ठीक चालणाऱ्या बाईंना चौघांच्या गप्पांत धागा सापडत नाही, दूध गॅसवर राहून जातं, आणि सासरचे म्हणतात, आळशी झालीय. अशा वेळी नवऱ्याला समोर बसवून सांग की हा आजाराचा भाग आहे. अपंगत्वाच्या २०१६ च्या कायद्यात एमएसचं नाव आहे, हेही सांगून ठेव. बऱ्याच कुटुंबांना ते माहीत नसतं.

विचारांचा वेग मोजणारी, चिन्हांना अंक जोडायची एसडीएमटी ही चाचणी ९० सेकंदांत होते. ती शिकून घे. चार गुणांची घसरण दिसली तर न्यूरॉलॉजिस्टला कळव. चाचणी व्यायामाच्या आधी घे, दर वेळी साधारण त्याच वेळेला. दमलेल्या माणसाचे गुण काही सांगत नाहीत.

तुझी,
मॅडम