ढ्यांग्रोची नोंद करण्याआधी

संग्रहालयासाठी पहिल्यांदाच ढ्यांग्रोची नोंद करतो आहेस, तर मोजपट्टी जरा बाजूला ठेव आणि आधी मूठ बघ. नेपाळच्या झाँक्रीचं, म्हणजे तिथल्या मांत्रिक-वैदूचं हे चर्मवाद्य, पण आपल्या डफासारखं कडं धरून वाजवत नाहीत. लाकडी कड्याच्या दोन्ही बाजूंना कातडं, वेताने ताणून बांधलेलं, आणि खाली लांब कोरीव मूठ. तिचं टोक फुर्बासारखं, म्हणजे तिबेटी पूजेतल्या तीन धारांच्या खिळ्यासारखं निमुळतं होत जातं. मुठीवर चेहरे, नाग, त्रिशूळ जे दिसेल ते एकेक टिपून घे. नुसतं ‘नक्षीदार दांडा’ लिहिलंस तर वाद्याचा अर्धा जीव नोंदीबाहेर राहतो.

एकाच बाजूला कातडं आणि धरायची सोय आतून असेल, तर घाईने ढ्यांग्रो लिहू नकोस. पश्चिम नेपाळातल्या मगर जमातीच्या झाँक्रींचा ढोल तसा असतो. तामांग जमातीचा डम्फू हा ढोलही एकतोंडीच, पण तो नाचगाण्याचा. त्याच्या कडेला बांबूच्या खुंट्या दिसतील.

कातडं मळकट आहे म्हणून पुसू नकोस, कळकळीने सांगते. सुरुवातीला मी एक तांबूस डाग ओल्या कापसाने काढला. तो पूजेचा टिळा होता, गेला तो गेलाच. काजळीही राहू दे, वाजवण्याआधी कातडं आगीवर शेकतात. हातमोजे मात्र घालच. जुन्या संग्रहांत कातड्याला कीड लागू नये म्हणून आर्सेनिक लावत असत.

आणि वाजवायची वेताची वाकडी काठी शोध. ती बहुतेक वेळा दुसऱ्याच खोक्यात पडलेली असते.