डास कुठला, ते आधी बघा

गेल्या अंकात पावसाळी आजारांचं एक पान होतं, त्यात डासांवर जेमतेम चार ओळी लिहिलेल्या. त्या चार ओळींवर इतके मेसेज आले की या वेळचा सगळा कॉलम डासांच्याच नावावर करून टाकला. सगळ्यांचे प्रश्न घेता आले नाहीत, सारखे होते ते एकत्र केलेत, रागावू नका.

मॅडम, आम्ही राजारामपुरीत राहतो. आमच्या गल्लीत डेंग्यूचे तीन पेशंट झाले, त्यात माझा मुलगा पण. मागची गटार तुंबलेली असते, दोनदा अर्ज दिला, शेवटी एकदा फवारणीची गाडी येऊन धूर मारून गेली. खिडक्यांना जाळ्या आहेत, रात्री सगळे मच्छरदाणीत झोपतो. तरी झालाच. आता अजून काय करायचं?

ताई, मुलगा आता बरा असेल अशी आशा करते. तुमचा गटारीवरचा राग खरा आहे, अर्ज देत रहा, पण डेंग्यूचा डास त्या गटारीतला नव्हे. गटारीत वाढतो तो क्युलेक्स, रात्री कानाशी गुणगुणतो तो. हत्तीरोग पसरवतो तोच. डेंग्यूचा डास म्हणजे एडिस इजिप्ती, काळा, पायांवर पांढरे पट्टे, आणि त्याला पाणी लागतं ते साधारण स्वच्छ, साठवलेलं, घरातलं किंवा घराशेजारचं. चावतो दिवसा, सकाळी ऊन वर आल्यावर आणि परत संध्याकाळी दिवस मावळायच्या आधी. म्हणजे तुम्ही रात्री मच्छरदाणीत सुरक्षित होता आणि मुलगा सकाळी हाफ पँटवर अभ्यासाला बसलेला असताना टेबलाखाली त्याचा कार्यक्रम चालू होता. आणि हा डास फार लांब उडत पण नाही, फार तर काहीशे मीटर, म्हणजे गल्लीतल्या तिघांना झाला तर डास गल्लीतच कुणाच्या तरी घरी जन्मलेला. वर त्याची एक खोड अशी की एका माणसावर पोट भरलं नाही तर उठून दुसऱ्याला चावतो, तिथनं तिसऱ्याला, म्हणून एका घरात दोघं-तिघं लागोपाठ तापानं पडलेले दिसतात.

आता बॅरलकडे जा. पाणी येतं त्या वेळेला आपण सगळं भरून ठेवतो, बॅरल, टाकी, मोरीतली बादली, वरचं पाणी वापरतो आणि तळाचं तसंच ठेवून त्यावर परत भरतो. ही मादी अंडी पाण्यात टाकत नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर ओल्या भिंतीला एकेक करून चिकटवते, काळी, खसखशीपेक्षा बारीक. पाणी आटलं तरी ती कित्येक महिने कोरडी टिकतात आणि पुढच्या पावसात पाणी चढलं की फुटतात. म्हणून नुसतं पाणी ओतून बॅरल पालथा घातला की झालं असं नाही, आतनं काथ्यानं किंवा ब्रशनं घासायला लागतो. आठवड्यातनं एक दिवस कोरडा पाळा म्हणतात ते यासाठीच, कारण अंड्यापासून उडणारा डास व्हायला गरमीत साधारण आठ-दहा दिवस लागतात, सात दिवसांत एकदा मोडलं की साखळी तुटते.

आणि हे मी शहाणपणानं सांगत नाही. आमच्याकडं दोन वर्षांमागं मलाच डेंग्यू झाला, मी, जी तीस वर्षं मुलांना प्राणिशास्त्र शिकवत होती! आशाताई बघायला आल्या, मी ऐटीत म्हणलं माझ्या घरात काही सापडणार नाही. त्या सरळ फ्रिजच्या मागं वाकल्या आणि खालचा ट्रे ओढून काढला. चमचाभर पाणी असेल नसेल, त्यात सात-आठ अळ्या वळवळत होत्या. मी तोंडात मारल्यासारखी गप्प.

फवारणीचं म्हणाल तर तो धूर फक्त उडणाऱ्या डासांना लागतो, तेही थेंब अंगावर बसला तर. अंड्या-अळ्यांना काही होत नाही. आणि एडिस बसलेला असतो कपाटामागं, पलंगाखाली, लोंबणाऱ्या कपड्यांत, आणि गाडी आली की आपण सगळ्या खिडक्या लावून घेतो. पोरं मात्र धुरात मागं पळत जातात, ते पण करू देऊ नका.

जाता जाता सांगते, गटारीवर आळ घ्यायची सवय लई जुनी आहे. मलेरिया या शब्दाचा इटालियन अर्थच मुळी वाईट हवा. रोनाल्ड रॉस नावाचा ब्रिटिश डॉक्टर सिकंदराबादला मलेरियाच्या पेशंटवर डास सोडून मग ते डास फाडून बघायचा, पेशंटला एका डासामागं एक आणा द्यायचा म्हणे. दोन वर्षं काही मिळेना, कारण तो चुकीच्या जातीचे डास फाडत होता, क्युलेक्स आणि एडिस. शेवटी ठिपकेदार पंखांचा ॲनॉफिलीस हाताला लागला आणि 20 ऑगस्ट 1897 ला त्याच्या पोटाच्या भिंतीत मलेरियाचे जंतू दिसले. 1902 ला नोबेल मिळालं. म्हणजे डास कुठला हे न बघता त्याची पण दोन वर्षं वाया गेली, आपण तर साधी माणसं.

मी आठवीत आहे, कसबा बावडा. आमच्या वर्गात वाद झाला की जगातले सगळे डास मारले तर निसर्गाचं नुकसान होईल का. सर म्हणाले प्रत्येक जीवाचं काहीतरी काम असतं. मग डासाचं काम काय?

सरांचं बरोबर आहे पण अर्धं. काम असतं म्हणजे कुणीतरी ते नेमून दिलंय असं नाही बाळा, तो आपला जगत असतो आणि त्याच्या जगण्यावर दुसरे जगतात. डासांच्या साडेतीन हजारांवर जाती आहेत. त्यातल्या फार थोड्या आपल्याला आजार देतात, आणि ज्या चावतात त्यांच्यात पण फक्त मादी चावते, तिला अंडी तयार करायला रक्तातलं प्रोटीन लागतं. नर आयुष्यभर फुलांचा मध आणि झाडांचा रस पितो. मादीचं पण रोजचं जेवण तेच, रक्त हे बाळंतपणातलं डिंकाच्या लाडवासारखं समज.

त्याची अळी पाण्यातला कुजका पाला, शेवाळ, जंतू गाळून खाते, आणि ती स्वतः मासे, पाणकिडे, चतुराची पिल्लं यांच्या पोटात जाते. चतुर म्हणजे तुम्ही ज्याला हेलिकॉप्टर म्हणता तो, त्याची पिल्लं पाण्यात असतात आणि भयंकर खादाड असतात. मोठे झालेले डास वटवाघळं, पाकोळ्या, कोळी आणि आपल्या ट्यूबलाइटमागची पाल खाते. उत्तर ध्रुवाकडं एक छोटं ऑर्किड आहे त्याचं परागीभवन डास करतात. तिथं उन्हाळ्यात डासांचे इतके थवे उठतात की रेनडिअरचे कळप रस्ता बदलतात. आणि डासांतच एक मोठा चकचकीत डास आहे, टॉक्सोऱ्हिंकायटिस, तो अजिबात रक्त पीत नाही आणि त्याची अळी दुसऱ्या डासांच्या अळ्या खाते! त्याला मारलं तर आपलंच नुकसान.

म्हणून सगळे डास मारायचे हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. पण एडिस इजिप्ती एकटा इथनं गेला तर? तो मुळात आफ्रिकेचा, जहाजांतनं जगभर पसरला. पंचगंगेचा एक मासा किंवा एक पाल त्याच्यावाचून उपाशी राहील असं मला तरी वाटत नाही. इंडोनेशियात योग्यकर्ता शहरात त्याला न मारता एक वेगळी गंमत केली, वोल्बाकिया नावाचा जीवाणू असलेले एडिस सोडले. त्या डासाच्या अंगात डेंग्यूचा व्हायरस नीट वाढत नाही, आणि मादीकडनं तो जीवाणू पिल्लांत जातो. तिथं डेंग्यूच्या केस 77 टक्क्यांनी कमी झाल्या. डास आहेत, चावतात, पण डेंग्यू घटला.

वर्गात सांगताना हे पण सांग की 2023 साली जगात मलेरियानं सुमारे 5 लाख 97 हजार माणसं गेली, त्यातली बहुतेक आफ्रिकेतली पाच वर्षांखालची मुलं. डासाच्या बाजूनं बोलताना एवढं लक्षात असू दे.

आणि वाद करण्यापेक्षा एक कर, अळ्यांचं पाणी काचेच्या ग्लासात घेऊन वर पातळ कापड रबरानं घट्ट बांध. अळ्या उलट्या लटकतात, शेपटाची नळी पाण्याच्या वर काढून श्वास घेतात. ग्लासावर हाताची सावली पडू दे, सगळ्या एकदम खाली बुडी मारतील. काही दिवसांनी स्वल्पविरामासारखे कोष दिसतील आणि मग एका सकाळी कापडाखाली डास बसलेला. त्याच्या आधी ओतून टाक नाहीतर आईचा मार खाशील.

शिवाजी पेठेतनं लिहितोय. चौघं कट्ट्यावर बसलो की डास मलाच फोडतात, बाकीचे मजेत. सगळे म्हणतात तुझं रक्त गोड आहे. मला शुगर आहे, त्याचा संबंध असेल का?

नाही काका, रक्तातली साखर डासाला लांबनं कळत नाही. त्याला आधी कळतो आपला श्वास, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, मग अंगाची ऊब, घाम आणि कातडीवरच्या जंतूंमुळं येणारा वास. हा वास प्रत्येकाचा वेगळा आणि बराचसा जन्मजात. अंगानं मोठी माणसं जास्त श्वास सोडतात, गरोदर बायकांना पण जास्त चावतात. काळा शर्ट घालून बसत असाल तर बदलून बघा. शुगरवाल्यांनी मात्र चावलेलं खाजवून फोड करू नये, जखम चिघळते, तेवढा संबंध नक्की आहे.

रंकाळ्याजवळ घर आहे. पाण्यात केंदाळ, म्हणजे जलपर्णी, वाढलं की डास वाढतात असं म्हणतात. आम्ही काहीजण मिळून गप्पी मासे आणून सोडावेत असा विचार आहे.

केंदाळाचं खरं आहे. मॅन्सोनिया नावाचा डास तर त्याच्याच भरवशावर जगतो, त्याची अळी श्वासाला वर येतच नाही, नळी केंदाळाच्या मुळांमध्ये खुपसून तिथनंच हवा ओढते. म्हणून केंदाळ काढलं की तो संपतो. बाकी डासांना पण त्या दाटीत मासे पोचत नाहीत म्हणून बरं पडतं.

पण गप्पी तलावात नको. बंद हौद, कारंजं, न वापरातली विहीर इथं जरूर सोडा, आरोग्य विभागाकडं फुकट मिळतात, घाण पाण्यात पण तग धरतात. तलाव-नदीत मात्र ते परके, आपल्या छोट्या माशांची अंडी-पिल्लं खातात आणि एकदा पसरले की परत निघत नाहीत. गंबुशियाचं तसंच, तो 1928 मध्ये भारतात आणलेला अमेरिकन मासा आहे. रंकाळ्यातले देशी मासे आणि चतुर अळ्या खातातच, त्यांना केंदाळातनं वाट करून द्या.

डास चावून एचआयव्ही होतो का?

नाही. तो व्हायरस डासाच्या पोटात पचून जातो, आणि डास चावताना आधीच्या माणसाचं रक्त आपल्यात सोडत नाही, फक्त स्वतःची लाळ सोडतो. खाज येते ती त्या लाळेनं.

मॅडम, मित्राशी पैज लागलीय. बॅटनं मारलेला डास नर की मादी कसं ओळखायचं?

मिशा बघायच्या. नराच्या मिशा पिसासारख्या झुपकेदार असतात, मादीच्या साध्या, तुरळक केसांच्या. नर त्या झुपक्यांनी मादीच्या पंखांचा आवाज ऐकतो. अडचण एकच, बॅटनं मारला की चट्‍ करून मिशाच पहिल्या जळतात. पैज जिंकायची असेल तर ग्लास उपडा घालून जिवंत धर.