खिडकी नसलेल्या विमानात आईला मळमळेल का?

प्रश्न : पंख आणि धड एकच असलेल्या नव्या विमानाचं चित्र बघितलं, आत सिनेमा हॉलसारखं रुंद आणि खिडक्या जवळजवळ नाहीतच. आमच्या आईला खंबाटकी घाटातसुद्धा उलटी होते, पुणे-दिल्ली विमानात खिडकीबाहेर बघत कशीबशी निभावते. अशा विमानात तिचं काय होणार?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : तुमची काळजी अगदी बरोबर जागी आहे, कारण या विमानांच्या जाहिरातीत इंधन किती वाचणार हेच सगळे सांगतात, आतल्या माणसाच्या पोटाचं कुणी बोलत नाही.

आधी हे बघा, विमान वळताना एका कुशीवर झुकतं. आत्ताच्या छोट्या विमानात खिडकीजवळचा माणूस मधल्या रेषेपासून साधारण दीड मीटरवर असतो, म्हणजे विमान २५ अंश झुकलं की तो ६० सेंटिमीटरच्या आसपास वर किंवा खाली जातो, कळतही नाही. पण रुंद विमानात तुम्ही समजा ६ मीटर लांब बसलात तर तेच अडीच मीटर होतं, सीसॉच्या टोकाला बसल्यासारखं. आता गंमत अशी की घाटात बस वळली की आपण बाजूला फेकले जातो तसं विमानात होत नाही, नीट घेतलेल्या वळणात ट्रेवरचा चहासुद्धा हिंदकळत नाही, वजन सरळ सीटमध्येच दाबलं जातं. त्यामुळे त्रास वळणाचा नाही, झुकायला सुरुवात होते आणि विमान परत सरळ होतं त्या चार-पाच सेकंदांचा आहे, आणि ते कॉम्प्युटरने सावकाश करता येतं.

खिडकीचं मात्र मला खरंच अवघड वाटतं. मळमळ होते ती कान सांगतात हलतोय आणि डोळे सांगतात स्थिर आहोत म्हणून. या विमानात मधे हेलकावा सगळ्यात कमी पण बाहेरचं काही दिसत नाही, आणि कडेला दिसलं तरी हेलकावा जास्त! कॅमेऱ्याचं चित्र स्क्रीनवर दाखवायचा उपाय आहे पण ते जरा जरी मागे पडलं तर उलट जास्त गरगरतं.

दरवाजांचाही प्रश्न आहेच, सुरक्षेच्या चाचणीत निम्मे दरवाजे बंद धरून ९० सेकंदात विमान रिकामं व्हावं लागतं आणि मधल्या रांगेतून वाट काढणं सोपं नाही.

याच आकाराचं बोईंग-नासाचं एक्स-४८बी २००७ मध्ये उडालं पण ते बिनमाणसांचं छोटं मॉडेल होतं, एअरबसचं मॅव्हरिक तर जेमतेम २ मीटर लांब. जेटझिरो नावाची अमेरिकन कंपनी सुमारे २५० प्रवाशांचं असं विमान करायच्या मागे आहे, तिला २०२३ मध्ये अमेरिकी हवाई दलाने मोठ्या नमुन्यासाठी पैसे दिलेत. म्हणजे लोहगावला असं विमान उतरायला बराच वेळ आहे.

तोवर आईंना दिल्लीला नेताना पंखाजवळची खिडकी घ्या, शेपटीकडची नको, डोकं मागे टेकवून लांब क्षितिजाकडे बघायला सांगा आणि मोबाईल बंद.